मिलेच्या 'ग्लीनर्स'चा कॅनव्हास प्रिंट: घ्या, पण अख्खं चित्र मागून घ्या

फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रांस्वा मिलेचं 'द ग्लीनर्स' हॉलमध्ये लावायचं कधीपासून मनात होतं, शेवटी ऑनलाइन मागवलं, 20 बाय 20 इंच, फ्रेमसकट 2,300 रुपये. कॅनव्हास जाड, फ्रेमचे कोपरे पक्के, पॅकिंगही मस्त. पण चित्रच कापलेलं! चौकोनात बसवायला झूम करून नुसत्या तिघी बायका ठेवल्यात, मागचं सगळं गायब.

त्याने काय बिघडलं म्हणाल तर सगळंच बिघडलं. कापणी उरकल्यावर रानात पडलेल्या लोंब्या या बायका वेचतायत, आपल्याकडे सरवा वेचणं म्हणतात तेच. माझी आजी गहू सोंगून झाला की दुसऱ्याच्या वावरात सरवा वेचायला जायची, ओटीत घेऊन यायची. चित्रातली डावीकडची बाई एक हात पाठीवर घेऊन वाकलीय ना, आजी अगदी तश्शीच वाकायची, मी पहिल्यांदा हे चित्र बघितलं तेव्हा डोळ्यात पाणीच आलं. आणि या तिघींच्या मागे, लांब, भल्यामोठ्या गंजी आहेत, भरलेली गाडी आहे, उजवीकडे घोड्यावर मुकादम. पीक मालकाचं, यांना मूठभर. 1857 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात बऱ्याच टीकाकारांना तेच तर झोंबलं होतं.

मिले स्वतः नॉर्मंडीतल्या ग्रुशी गावच्या शेतकऱ्याचा पोरगा, 1814 चा जन्म, लहानपणी शेतात राबलेला. 1849 ला पॅरिस सोडून बार्बिझोंला आला, नऊ पोरं, पैशाची कायम ओढाताण, 1875 ला गेला तोही तिथेच. म्हणून त्याने काढलेली बोटं बघा, जाड, रापलेली, कामाची.

दुकानाला फोटो पाठवले, चार दिवस उत्तर नाही, मग मात्र काही खळखळ न करता बदलून दिलं. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे, 83.5 बाय 110 सेंमी, त्यामुळे 24 बाय 18 चीच साइज घ्या, जवळजवळ काहीच कापलं जात नाही. रंगाला मात्र मार्क कमी, मधल्या बाईचा लाल रुमाल फारच भडक छापलाय आणि सावल्या काळ्या पडल्यात. पाचातले साडेतीन स्टार. नव्या प्रिंटमध्ये मुकादम करंगळीच्या नखाएवढा आहे, पण दिसतो.