पासपोर्ट-व्हिसाचा फॉर्म: कुठल्या चौकटीत काय निवडावं

शेजारच्या अक्का लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला निघाल्यात. वय 53, शिक्षण सातवी, पासपोर्ट आजवर कधी काढलेला नाही. परवा आधार कार्ड टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तत्काळच भर की रे, दोन हजारानं काय हुतंय?" त्यांचा फॉर्म भरताना जिथं जिथं 'हे की ते' असं अडलं, तेवढं इथं मांडतोय. तत्काळ हा त्यातला सगळ्यात सोपा प्रश्न निघाला.

नॉर्मल की तत्काळ
36 पानी पासपोर्टला नॉर्मलमध्ये 1,500 रुपये, तत्काळमध्ये वरचे 2,000 धरून 3,500. पैशांपेक्षा खरा फरक पोलिस पडताळणीचा. नॉर्मलमध्ये सहसा आधी पडताळणी, मग पासपोर्ट; तत्काळमध्ये बऱ्याचदा उलटं. पण तत्काळला कागद जास्त लागतात, आणि त्या कागदांवर नाव जुळत नसेल तर जादा पैसे भरूनही गाडी तिथंच थांबते. आमचा जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतो. प्रकरण तिथं अडकलं तर अडीचशे किलोमीटरचा हेलपाटा. बाळंतपणाला अजून चार महिने आहेत, म्हणून आम्ही नॉर्मल धरला.

फ्रेश की री-इश्यू
आयुष्यात पहिल्यांदाच काढताय तर फ्रेश, बाकी सगळं री-इश्यू. लहानपणी काढलेल्या पासपोर्टची मुदत संपली, पानं संपली, हरवला, लग्नानंतर नाव बदललं, तरी री-इश्यूच. 'मला नवीन पुस्तिका हवी' म्हणून फ्रेशवर खूण करणारे बरेच भेटतात.

36 की 60 पानं? सारखं परदेशी जाणाऱ्यानं 500 रुपये जास्त घालावेत, बाकीच्यांना 36 भरपूर.

गिव्हन नेम आणि सरनेम
इथं मात्र थांबा. आपल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. फॉर्ममध्ये चौकटी दोनच, मधल्या नावाला वेगळी जागा नाही. स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्ये, आडनाव एकटं सरनेममध्ये.

अक्कांच्या आधारवर नुसतं नाव, आडनावच नाही. जुन्या विडी कामगार कार्डावर नाव आणि नवऱ्याचं आद्याक्षर. सरनेमची चौकट रिकामी सोडली तरी पासपोर्टचा फॉर्म पुढं सरकतो, आणि घोळ तिथंच होतो. नोव्हेंबर 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीनं (दुबई त्यातलीच) एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटनाचा किंवा भेटीचा व्हिसा देण्यावर बंधन घातलंय. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. रिकामी चौकट की आधी आधारची दुरुस्ती, यात माझं मत सरळ दुरुस्तीच्या बाजूनं. महिना गेला तरी चालेल.

ईसीआर की नॉन-ईसीआर
दहावी नाही म्हणजे ईसीआर ('एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी), असं गल्लीत सगळ्यांनी अक्कांना सांगून ठेवलेलं. ईसीआरचा शिक्का असला की आखातातल्या देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. कमी शिकलेल्या कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणून ही सोय आहे. पण दहावी पास हा नॉन-ईसीआरचा एकच रस्ता नाही. आयकर भरणारा किंवा पन्नाशी ओलांडलेला माणूसही त्यात बसतो. अक्का वयावर बसल्या. सातवीचं ओझं उगाच वागवत होत्या! पासपोर्टवर 'नॉन-ईसीआर' असं मात्र छापून येत नाही. शिक्का नसणं हीच खूण.

व्हिसाची मुदत आणि मुक्कामाचे दिवस
हे दोन आकडे एकच समजून लोक तिकिटं काढून बसतात. मुदत म्हणजे व्हिसा कुठल्या तारखेपर्यंत वापरता येतो, मुक्काम म्हणजे आत गेल्यावर किती दिवस राहता येतं. युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची मुदत वर्षाची असली तरी कुठल्याही 180 दिवसांत मुक्काम 90 दिवसांच्या वर नाही. सिंगल एंट्री म्हणजे एकदा बाहेर पडलात की संपलं, दिवस उरले असले तरी. मल्टिपल म्हणजे पुन्हा पुन्हा आत जाता येणारा, तो काही देशांत महाग पडतो. मधे परत येऊन पुन्हा जायचं असेल तरच घ्यावा.

दुबईचा पर्यटक व्हिसा 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो. बाळंतपण म्हटल्यावर तारीख पुढंमागं होणारच, म्हणून आम्ही 60 दिवसांचा, सिंगल धरून चाललोय. त्याआधी सोमवारी आधार केंद्र.