मायाकोव्स्काया: मान वर करून बघायचा चित्रकार

मॉस्कोला जाणाऱ्या चित्रप्रेमींना माझं कळकळीचं सांगणं आहे. सोव्हिएत चित्रकार अलेक्सांद्र देइनेका बघायचा असेल तर आधी मायाकोव्स्काया मेट्रो स्टेशन गाठा, संग्रहालय मागाहून. समाजवादी वास्तववाद, म्हणजे सोव्हिएत काळातली सरकारमान्य कलाशैली, म्हणजे छातीवर पदकं लावलेल्या पुढाऱ्यांची तैलचित्रं, असं ज्यांचं मत झालंय त्यांनी तर नक्कीच.

शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी नोकरीची सारी वर्षं गेली. देइनेका छापील पानांवर बरीच वर्षं पाहत होतो. भाची शिकायला मॉस्कोत आहे, तिच्याकडे गेलो तेव्हा पहिला हट्ट या स्टेशनचा धरला.

हे स्टेशन सुरू झालं 11 सप्टेंबर 1938 रोजी. वास्तुविशारद अलेक्सेई दुश्किन. जमिनीखाली तेहतीसेक मीटर, म्हणजे दहा-अकरा मजली इमारत उभी आत जाईल इतकं खोल. तरीही आत पाऊल टाकल्यावर कोंडल्यासारखं अजिबात होत नाही. खांब सडसडीत, त्यांच्या कमानींवर पन्हाळीदार स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या. या पट्ट्या हवाई जहाजं (फुगवलेली, एअरशिप म्हणतात ती) बनवणाऱ्या कारखान्यात घडवल्या होत्या. खांबांच्या कोपऱ्यांना खालच्या बाजूला उरालचा गुलाबी ऱ्होडोनाइट दगड. दालनाच्या छताला एकामागोमाग लंबगोल घुमट, घुमटाच्या कडेने दिवे, आणि प्रत्येक घुमटाच्या आत, माथ्याशी देइनेकाचं एक मोझेइक, म्हणजे तुकडे जडवून केलेलं चित्र. आज अशी 34 दिसतात. विषय एकच, सोव्हिएत आकाशाचे चोवीस तास.

खरी कमाल इथून सुरू होते. छतावर चित्र काढायचं तर ते खालून बघितलं जाणार हे त्याने पक्कं धरलं आणि प्रत्येक दृश्य तसंच रचलं. बांबूउडी मारणारा खेळाडू आपल्या डोक्यावरून आडवी काठी ओलांडतो. स्कीवरून झेपावलेल्याला आपण खालून बघतो. पाण्यात सूर मारणारी मुलगी, पॅराशूटवाले, फुलांनी लगडलेली फांदी, विमानं, रात्रीच्या आभाळात क्रेमलिनचा स्पास्काया मनोरा, सगळं जमिनीवर उताणं पडून बघितल्यासारखं. खालून पाहताना हातपाय आखूड होतात, त्याला आम्ही शिक्षक लोक स्थितिजन्य लघुता म्हणतो. मुलांना ती समजावताना नाकी नऊ येतात. इथे एका दालनात तिचा अख्खा अभ्यासक्रम टांगलेला आहे, तोही काचेच्या तुकड्यांत.

काच म्हणजे स्माल्ट, रंगीत अपारदर्शक काच. चित्रकाराने नमुने करून दिले; तुकडे लावण्याचं काम लेनिनग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) व्लादिमीर फ्रोलोव यांच्या कार्यशाळेत झालं. एका घुमटाखाली उभा राहून निळ्या रंगाकडे बघत होतो. लांबून तो सपाट निळा वाटतो. डोळे स्थिरावले की त्यात करडा, हिरवट, मधूनच पांढुरका तुकडा दिसायला लागतो, आणि आकाशाला उंची येते. हे छापील पानावर कधीच उतरलं नव्हतं.

आता उणी बाजू. मोझेइक घुमटात फार खोल बसलंय. बाजूने काही म्हणजे काही दिसत नाही. बरोबर खाली जाऊन मान मागे टाकावी लागते, म्हणजे नेमकं लोकांच्या वाटेत उभं राहावं लागतं. ‘मामा, जरा खांबाला लागून उभा राहा ना, लोक कामावर निघालेत,’ असं भाची सारखी सांगत होती. सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळा. रविवारी सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा जा. कोणतं चित्र कशाचं, हे सांगणारी पाटी मला एकाही घुमटाखाली आढळली नाही, त्यामुळे घरूनच वाचून निघा. मानेचा त्रास असेल तर मोबाइलचा कॅमेरा वर धरून पडद्यावर बघा, आम्हीही अधूनमधून तेच केलं. वेगळं तिकीट नाही, मेट्रोच्या भाड्यात सगळं येतं. आपल्याकडची व्हिसा, मास्टरकार्ड रशियात 2022 पासून चालत नाहीत. रोख रूबल जवळ ठेवा आणि मेट्रोचं ट्रोइका कार्ड घ्या.

1938 हे साल मात्र विसरता येत नाही. छतासाठी हे निर्मळ आभाळ जडवलं जात होतं, तेव्हा वरच्या शहरात स्तालिनच्या दडपशाहीत रात्री-अपरात्री दारं ठोठावून माणसं नेली जात होती. देइनेकाचं आभाळ त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून ते खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही. कुर्स्कच्या रेल्वे कामगाराचा हा मुलगा. निरोगी शरीर, खेळ, उड्डाण यांवर त्याचा जीव होता, आणि तो जीव प्रत्येक तुकड्यात दिसतो. पण ते आभाळ बघताना त्या काळाची जाण सोबत असलीच पाहिजे. पुढे 6 नोव्हेंबर 1941ला, जर्मन फौजा मॉस्कोच्या तोंडाशी असताना, याच दालनात ऑक्टोबर क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा भरली आणि स्तालिन बोलला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तर खुद्द देइनेकावरच ‘रूपवादी’ असल्याचा, म्हणजे आशयापेक्षा रूपालाच महत्त्व देत असल्याचा ठपका आला.

इथून त्याच हिरव्या लाइनने तिसरं स्टेशन नोवोकुझ्नेत्स्काया. छतावर पुन्हा देइनेका, पण जर्मन फौजांनी वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये जडवलेला. फ्रोलोव यांनी ते काम उपाशी शहरात पुरं केलं आणि 1942च्या हिवाळ्यात वेढ्यातच त्यांचं निधन झालं. तिथल्या छतावरच्या फळं तोडणाऱ्या मुली बघताना हे माहीत असावं. दिवे अंधुक आहेत, याची फार हळहळ वाटली.

मग क्रिम्स्की वालवरची नवी त्रेत्याकोव गॅलरी. लाव्रुशिन्स्की गल्लीतली जुनी वेगळी, तिकडे जाऊन फसू नका. आणि सोमवार टाळा, बंद असते. तिथे ‘भावी वैमानिक’ हे 1938चंच चित्र आम्हाला बघायला मिळालं. क्रिमियातल्या सेवास्तोपोलच्या समुद्रकाठी तीन उघडी पोरं आपल्याकडे पाठ करून जलविमान बघताहेत. एकाही चेहऱ्यावर हसू रंगवलेलं नाही, कारण चेहरेच दाखवलेले नाहीत. रापलेल्या पाठी आणि वळलेल्या मानाच सगळं सांगतात. दिवसभर आपणही मान वर करून उभे होतो, तेव्हा या पोरांची नजर ओळखीची वाटते. म्हणूनच आधी स्टेशन, मग गॅलरी हा क्रम मी सुचवतो.

युद्धकाळातला देइनेका मॉस्कोत पुरता भेटत नाही. ‘सेवास्तोपोलचं संरक्षण’ हा 1942चा चार मीटर रुंद कॅनव्हास सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. तिकडची रेल्वे तिकिटं आधीच काढून ठेवा.