पार्ट ४: रेडिमेड मॉड्यूल की आपलाच प्रोजेक्ट?

अमेरिकेत मुलांच्या डॉक्टरला, म्हणजे पेडियाट्रिशियनला, बोर्डाचं सर्टिफिकेट टिकवायला परीक्षाही लागते आणि पार्ट ४, म्हणजे आपल्या कामाचा दर्जा सुधारण्याचं काम (क्वालिटी इम्प्रूव्हमेंट), तेही. परीक्षेचं मी काही बोलत नाही, २०१९ पासून मोका-पेड्स ही ऑनलाइन परीक्षा आहे, तिमाहीला २० प्रश्न, प्रश्नाला ५ मिनिटं, पुस्तक उघडं ठेवून घरी सोडवा, त्यापेक्षा सेंटरवर जाऊन पेपर देण्याची हौस असलेला पेडियाट्रिशियन मला तरी अजून भेटलेला नाही. घोडं अडतं ते पार्ट ४ ला. माझ्या मागच्या सायकलला ५ वर्षांत १०० पॉइंट्स, त्यातले निदान ४० क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचे, आणि ते आपण सगळेच शेवटच्या वर्षावर ढकलतो.

बोर्डाने मान्य केलेलं रेडिमेड ऑनलाइन मॉड्यूल आणि आपलाच प्रोजेक्ट, मी दोन्ही करून बघितलंय. रेडिमेडमध्ये सगळं ताटात वाढलेलं असतं, अमेरिकन बोर्डाची स्वतःची मॉड्यूल्स आहेत, एएपीचं, म्हणजे अमेरिकेतल्या पेडियाट्रिशियनांच्या संघटनेचं, इक्विप आहे, विषय हात धुण्यापासून दम्यापर्यंत, डोकं लावायचं काम कमी. मी केलेलं कुणाचं होतं ते राहू दे. पण त्यात एकेक चार्ट उघडून हाताने उत्तरं भरायची, स्क्रीनवर एका खिडकीत ईएमआर, म्हणजे पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या खिडकीत मॉड्यूल, घरातली मुलं झोपल्यावर रात्री अकराला बसायचं, आणि फोन घ्यायला उठलं की परत येईपर्यंत लॉगआउट. बरं, चार्ट मोजून जो आकडा काढायचा तोच आमच्या ईएमआरच्या रिपोर्टमध्ये आयता तयार, पण तो घ्यायची सोयच नाही. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची मोजणी झाली, नंतरच्या फॉलोअपला पुन्हा तेच. त्या महिन्यात पेशंटचं काही सुधारलं असेल तर देव जाणे, माझं टायपिंग सुधारलं.

पुढच्या वेळी आम्ही तिघांनी क्लिनिकमधलाच विषय घेतला, फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दात किडू नयेत म्हणून मुलांच्या दातांना लावायचा लेप. छोट्या ग्रुपला, म्हणजे १० डॉक्टरांपर्यंत, आपल्या प्रोजेक्टसाठी बोर्डाकडे अर्ज करता येतो. निम्म्या मुलांना व्हार्निश लावलंच जात नव्हतं, कारण काय तर पाकिटं कॉरिडॉरच्या टोकाच्या कपाटात, कोण जातंय तिकडे. आमची मेडिकल असिस्टंट म्हणाली, लसींच्या ट्रेमध्येच ठेवू या की! झालं, तोच आमचा पहिला पीडीएसए, म्हणजे छोटा बदल करून बघायचा, मोजायचा आणि पुढचं ठरवायचं, अशी एक फेरी. रन चार्ट, म्हणजे आठवड्यागणिक आकडा दाखवणारा आलेख, लसींच्या फ्रीजवर चिकटवला, दर शुक्रवारी रिपोर्ट काढून ती एक टिंब मारायची, आणि रेष वर जाताना दिसली की फ्रंट डेस्कवालेसुद्धा विचारायचे, या आठवड्याला किती?

अर्ज लिहायला कंटाळा येतो, हे खरंय. एम स्टेटमेंट (काय, किती आणि कधीपर्यंत सुधारायचं), मेझर्स (ते मोजायचं कशाने), कुणी काय केलं, सगळं नीट मांडावं लागतं, माझा एक अख्खा रविवार गेला. पण एकदाच गेला. तुम्ही लोकम करत असाल, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरच्या जागी तात्पुरतं काम, किंवा तुमच्या ईएमआरमधून रिपोर्ट निघत नसेल, तर रेडिमेडच बरं, उगाच जिवाला घोर नको. सायकल संपायचा डिसेंबर अगदी तोंडावर आला असेल तरीही तेच, हात धुण्याचं वगैरे घेऊन मोकळे व्हा. हाताशी वर्षभर असेल आणि एक उत्साही असिस्टंट असेल, तर मी आपला कपाट उघडून बघेन आधी.