सहकुटुंब स्कीसाठी गुलमर्ग: मुक्कामाला पाचपैकी चार गुण, धावत्या फेरीला दोन

नाशिकहून निघणाऱ्या बऱ्याच काश्मीर सहलींत गुलमर्गच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, संध्याकाळी परत. नुसता बर्फ बघायचा असेल तर चालेल, पण स्की शिकायची असेल तर तो दिवस फुकट जातो. श्रीनगरहून अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर आहे. पण बर्फ पडलेला असला की टंगमर्गला गाडी बदलावी लागते आणि पुढच्या १३ किलोमीटर घाटात चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच चढते. मग भाड्याचे कोट, गमबूट, घासाघीस. पायात स्की येईपर्यंत दुपार कलते. त्यापेक्षा गुलमर्गमध्येच चार रात्री काढा. रोज सकाळी दोन तास स्की आणि दुपारी जेवून खुशाल लोळा.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटर वर. पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते, तेव्हा त्या दिवशी फक्त फिरा आणि पाणी भरपूर प्या. नवशिक्यांचे उतार गोल्फ मैदानाच्या बाजूला आहेत. चढ इतका कमी की पडलं तरी दोन हातांच्या अंतरावर थांबतं. लहान मुलांना आणि साठीच्या आजोबांना एवढंच पुरे.

गंडोलाचं, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारचं, तिकीट आधीच ऑनलाइन काढा. पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे ३,०८० मीटरवर नेतो, दुसरा अफरवत शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, त्यामुळे तो शेवटच्या दिवसावर ढकलू नका. तिथून स्की करत उतरायचा मोह मात्र घरच्यांनी टाळावा. ते उतार मशीनने दाबून सपाट केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन परदेशी स्कीपटू दगावले. वर जा, डोंगर बघा, केबिनमध्ये बसूनच खाली या.

सामान भाड्याने मिळतं, पण त्याचा दर्जा दुकानागणिक बदलतो. सगळा वेळ बुटांवर घालवा, स्कीच्या रंगावर नको. मोजा एकच, लोकरीचा, पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा. निफाडच्या थंडीत चालतात तसे दोन मोजे इथे चढवले तर रक्त अडतं, घाम साचतो आणि बोटं उलट गारठतात. थर्मलची विजार बुटात खोचू नका, नडगीला तिचा वळ रुततो. बूट घातल्यावर टाच मागे आपटून बसवा, आधी घोट्याजवळचं बकल लावा, मग बाकीची. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरली, टाच मात्र उचलली नाही, तर माप बरोबर.

नवशिक्याची स्की उभी धरल्यावर छाती ते हनुवटीच्या दरम्यान यावी. बाइंडिंगवरचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यावरचा, आकडा वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि सराव बघून लावतात. दुकानदाराने यातलं काहीच न विचारता स्की हातात ठेवली तर दुसरं दुकान गाठा: आकडा जास्त असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडल्याशिवाय बाइंडिंग नीट लागत नाही. उतारावर उभे असाल तर आधी खालच्या बाजूची स्की लावा. मुलांना सुरुवातीला काठ्या नकोतच. टोकं जवळ, मागच्या बाजू फाकवलेल्या, म्हणजे समोशाचा कोपरा, एवढं थांबणं जमलं की पहिला दिवस सार्थकी.

एक गुण कापला तो खालच्या वर्दळीसाठी. घोडेवाले, स्लेजवाले गाडी थांबताच गराडा घालतात. भाव, वेळ आणि ठिकाण तिन्ही आधी ठरवा. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, घरात एक तरी पोस्टपेड हवं.

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. नाताळात गर्दी पक्की, बर्फ बेभरवशाचा. २०२४ मध्ये तर जवळजवळ अख्खा जानेवारी कोरडा गेला. शाळेची रजा मात्र मागावी लागेल. नाशिकरोडहून राजधानीने दिल्ली गाठणार असाल तर धुक्यात गाडी रखडते, म्हणून श्रीनगरचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. परतीलाही एक दिवस मोकळा ठेवा, बर्फात श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात. प्रवास विमा काढताना स्की त्यात धरली आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.