मोत्यांच्या माळा ओवण्याचे घरबसल्या काम आणि अनामत रकमेचा सापळा

मी पुण्यात सिंहगड रस्त्यालगत राहते आणि गेली काही वर्षे घरीच तन्मणी, ठुशी आणि मोत्यांच्या नथी तयार करून ओळखीतल्या बायकांना विकते. हा धंदा सणासुदीचा आणि लग्नसराईचा आहे. मधले महिने कोरडे जातात. म्हणूनच 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, गणपती होऊन गेल्यावर, ‘घरबसल्या मोत्यांच्या माळा ओवा, साहित्य आमचे, मजुरी रोख’ अशी जाहिरात वाचून मी चौकशीला गेले. त्या कार्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही, परंतु त्यांची पद्धत तपशिलाने लिहिते, कारण नावे बदलतात आणि पद्धत तीच राहते.

कार्यालय दोन खोल्यांचे होते. भिंतीवर उद्यम नोंदणीचे, म्हणजे लघुउद्योगांसाठीच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते आणि ते पाहून मला धीर आला, हे मी मान्य करते. ही नोंदणी विनामूल्य असते आणि अर्जदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर मिळते, त्यामुळे समोरचा माणूस प्रामाणिक असल्याचा तो दाखला नव्हे, हे मला पुढे कळले. काम असे होते: साठ दुपदरी माळा, प्रत्येकीत 4 मिलिमीटरचे दोनशे काचेचे मोती, दर दहा मोत्यांनंतर एक गाठ, आणि मजुरी माळेमागे 45 रुपये. साहित्याच्या सुरक्षिततेसाठी 6,500 रुपये अनामत भरायची आणि असे साठ-साठ माळांचे तीन लॉट ‘पास’ झाल्यावर ती परत मिळणार होती. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा होता. बारा हजार मोत्यांचे बंद पाकीट हातात देताना त्यांनी ‘साहित्य मोजून मिळाले’ या ओळीखाली माझी सही घेतली. मी मोजून घेऊ का, असे विचारले, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, “ताई, मोजत बसलात तर इथेच संध्याकाळ होईल. आमचं पॅकिंग मशीनवर होतं.” मागे चार बायका रांगेत उभ्या होत्या. मी सही केली आणि पैसे यूपीआयने पाठवले. मोबाइलवर नाव आले ते संस्थेचे नव्हते, कोणा एका व्यक्तीचे होते. तिथेच थांबायला हवे होते.

घरी मात्र मी सगळी व्यवस्था मनापासून केली. हॉलमधल्या खिडकीपाशी टेबल सरकवले, उजव्या हाताची सावली कामावर पडू नये म्हणून दिवा डावीकडे लावला आणि स्टीलच्या ताटात मोती टणाटण उडतात म्हणून ताटाच्या तळाशी मखमलीचा तुकडा चिकटवला. मोती ठेवण्यासाठी जुना मिसळणाचा डबा काढला. त्याच्या सात वाट्या या कामाला इतक्या सोयीच्या आहेत की विकतचे कप्पे घेण्याची गरज पडू नये. कटर, चपटी पक्कड आणि गोल तोंडाची पक्कड यांना भिंतीवर खिळे मारून जागा दिली. दिवसाला चार माळा होत होत्या. चाळिसाव्या माळेच्या आसपास त्यांचा दिलेला पांढरा दोरा संपला, तेव्हा मी रविवार पेठेतून आणून ठेवलेला माझा मोतिया रंगाचा दोरा वापरला. शेवटच्या गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब लावायची माझी सवय आहे, म्हणजे गाठ सुटत नाही. या दोन गोष्टींचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे.

पंचावन्न माळा झाल्या आणि मोती संपले. वाट्यांत जेमतेम पन्नास-साठ उरले होते. मी टेबलाखाली, सतरंजीखाली, केरसुणीने काढलेल्या केरातही शोधले, आणि दोन दिवस स्वतःलाच दोष देत राहिले. 28 ऑक्टोबरला माळा जमा केल्या. नऊ दिवसांनी निरोप आला की गाठींमधले अंतर एकसारखे नाही म्हणून लॉट नापास झाला आहे, शिवाय हजार मोती कमी भरल्याबद्दल दंड लागला आहे. तरीही एक संधी म्हणून दुसरे पाकीट घेऊन जावे. अनामत बुडू नये या विचाराने मी ते आणले. या फसवणुकीचा सगळा जोर ह्या एकाच विचारावर असतो. गेलेले 6,500 रुपये वाचवण्यासाठी माणूस पुढचे पंधरा दिवसही देऊन टाकतो.

या वेळी मी पाकीट फोडण्याआधी वजन केले. माझ्याकडे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आहे. आधीच्या उरलेल्या मोत्यांतले पन्नास मोजून काट्यावर ठेवले, ते साडेतीन ग्रॅम भरले. म्हणजे बारा हजारांचे वजन 840 ग्रॅम यायला हवे. पाकीट पिशवीसह 768 ग्रॅम भरले. हजाराहून अधिक मोती त्यात मुळातच नव्हते. माळा नापास होणार हे माझ्या पहिल्या गाठीच्या आधीच ठरलेले होते.

मग ताटात मोती ओतले. त्या पांढऱ्या राशीत दोन मोती एकमेकांना चिकटलेले दिसले. चिमट्याने उचलून दिव्याखाली धरले. मध्ये मोतिया रंगाच्या दोऱ्याची गाठ होती आणि त्या गाठीवर नेलपॉलिशचा वाळलेला, चकाकणारा थेंब होता. ती माझीच गाठ होती. माझ्या माळा कोणी कापून पुन्हा पाकिटात भरल्या होत्या, आणि नेलपॉलिशमुळे ही एक गाठ तेवढी सुटायची राहिली होती. त्या क्षणी मला त्यांचा व्यवसाय समजला. ते माळा विकतच नव्हते. तेच मोती एका बाईकडून दुसरीकडे फिरत होते, आणि कमाई होती ती फक्त अनामत रकमांची. मला पैशांपेक्षाही याचे दुःख झाले की माझ्या पंधरा दिवसांच्या कामाकडे पाहिलेसुद्धा गेले नव्हते.

मी फोटो काढले, काट्यावरचे आकडे दिसतील असे चित्रीकरण केले आणि अनामत परत मागितली. उत्तरादाखल व्हॉट्सॲपवर वकिलाच्या नावाची ‘नोटीस’ आली: करारभंगापोटी 18,000 रुपये अठ्ठेचाळीस तासांत भरा, अन्यथा अटक होईल. घरात दोन रात्री कोणी नीट झोपले नाही. आमच्या सोसायटीतल्या एका वकीलकाकांनी ती वाचून समजावले की करारभंगाची भरपाई हा दिवाणी विषय आहे, नोटीस पाठवून कोणी कोणाला अटक करवीत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते, आणि फसवून संमती घेतली असेल तर असा करार फसवल्या गेलेल्या व्यक्तीला कलम 19 खाली रद्द करता येतो. मी पैसे भरले नाहीत. पुढे एकही नोटीस आली नाही. माझ्यासारख्याच फसलेल्या ज्या बायकांनी घाबरून भरले, त्यांच्याकडे मात्र पुन्हा मागणी झाली.

1930 या सायबर हेल्पलाइनवर मी फोन केला तोवर पैसे देऊन महिना उलटला होता. ही हेल्पलाइन पैसे गेल्यानंतर पहिल्या काही तासांत गाठली तर रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला. तेव्हा फसवणुकीसाठी भारतीय दंड संहितेचे कलम 420 होते. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आले आहे. माझी रक्कम आजतागायत परत आलेली नाही.

खरे जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या साहित्यावर मजुरीने केलेले काम, कसे असते, ते मी नंतर रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडे पाहिले. त्यांनी पहिल्यांदा केवळ पाच माळांचे साहित्य दिले, माझ्यासमोर काट्यावर तोलले, वहीत वजन लिहिले, कामात साहित्य किती कमी झालेले चालेल, म्हणजे घट किती धरायची, ते आधी सांगितले आणि काम परत देतानाही तोलूनच घेतले. अनामतीचा विषय निघाला नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर नोंदणीचे नाव आणि तारीख दोन्ही जुळले. हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

ते कार्यालय जानेवारी 2024 मध्ये बंद झाले. बंद शटरसमोर मला अकरा बायका भेटल्या. त्यातल्या एकीने कानातले गहाण ठेवून अनामत भरली होती. गेल्या आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका उपनगरातून माझ्या जाऊबाईंना एक जाहिरात आली. मजकूर शब्दशः तोच आहे, माळेमागे मजुरीही तीच आहे, फक्त नाव वेगळे आहे आणि अनामत 8,500 रुपये झाली आहे.