लॉरा १.८ टीएसआयला आठ नंबरचा प्लग, मग सात नंबरचा: चौदा महिन्यांचा अनुभव

माझी स्कोडा लॉरा १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) २०१२ ची, सेकंडहँड घेतलेली. मूळची १६० पीएसची. घेतल्यावर सहा महिन्यांतच स्टेज वनचा मॅप मारून घेतला, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललं. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब, वाढवला आणि स्पार्क प्लग मात्र आधीच्या मालकानं बसवलेलेच ठेवले. त्याचे पैसे आंबा घाटात वसूल झाले.

रत्नागिरीला जाताना उतार होता, काही कळलं नाही. परत येताना साखरपा सोडून चढ लागला. तिसऱ्या गिअरला, अडीच हजार आरपीएमच्या आसपास पाय पूर्ण दाबला की गाडी झटके मारायला लागली. पाय उचलला की पुन्हा शहाण्यासारखी. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागल्यावर मात्र घरच्यांनी माझ्याकडं बघायला सुरुवात केली. बाकीचा घाट अर्ध्या पायानं चढलो.

कोल्हापुरात स्कॅनर लावला तर पी-०३०२ कोड आला, म्हणजे दोन नंबर सिलिंडरला मिसिंग, तिथं पेट्रोल मधूनच पेटत नाही. एका ठिकाणी चारही कॉइल (प्लगला व्होल्टेज देणाऱ्या) बदला म्हणून सांगितलं, आकडा ऐकून मी थंड. मग घरीच दोन नंबरची कॉइल तीनला लावली, तीनची दोनला. कॉइल खराब असती तर कोड तिच्याबरोबर तीनवर गेला असता. तो दोनवरच राहिला. प्लग काढून बघितला, तर झिजून गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती दोन टोकांमधली फट, जवळजवळ एक मिलिमीटर झालेला.

टर्बोत मोठा गॅप का चालत नाही, ते हात काळे केल्यावर नीट समजलं. बूस्ट आला की सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त दाट होतं, आणि दाट हवेतून ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं. कॉइलची ताकद ठरलेली. ती कमी पडली की ठिणगी उडतच नाही. म्हणून मिसिंग सपाट रस्त्यावर होत नाही, चढाला टॉर्क भरात असताना होतं. गॅप कमी केला की कमी व्होल्टेजमध्ये काम भागतं. फार कमी केला तर ठिणगीच एवढीशी होते की आयडलिंगला गाडी थरथरते.

हे कळल्यावर मी अतिशहाणपणा केला. इंटरनेटवर स्टेज टूवाले (माझ्याहून जास्त ताकद वाढवलेले) काय घालतात ते वाचून एनजीके कंपनीचे बीकेआर८ईआयएक्स मागवले आणि गॅप ०.६ ठेवला. एनजीकेत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर हेडला (प्लग बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाला) देणारा. (बॉशमध्ये हे नेमकं उलटं, तिथं मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. आकड्याला आकडा जुळवून घेणाऱ्यांनी जपा.) घाटात गाडी अप्रतिम पळाली. पण मी रोज घाट चढत नाही. माझा रोजचा रस्ता राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी, त्यात कावळा नाक्याची गर्दी. इंजिन तापेपर्यंत कंपनीचं गेट येतं. प्लगचं टोक साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. माझं तेवढं तापतच नव्हतं. तीन महिन्यांत सकाळी स्टार्टिंगला खोकायला लागली. काढले तर चारही प्लग चुलीतनं काढल्यासारखे काळेकुट्ट.

साधारण ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली तर प्लग एक पायरी थंड घ्यावा, असा ठोकताळा आहे. माझे कागदावर चाळीस-पन्नासच वाढलेले. आठ नंबरची गरजच नव्हती.

मग बीकेआर७ईआयएक्स घेतले. बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ चा प्लगपाना, आर म्हणजे रेझिस्टर, ७ हा उष्णतेचा आकडा, ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे आणि शेवटचं इरिडियम. याच्यापुढं ११ असेल तर तो १.१ मिमी गॅपचा, आपल्याला नको. चार प्लगना तीन हजारांच्या आसपास पडले. खोके हातात घेतल्यावर मधलं टोक बघा. ते ०.६ मिमीचं असतं, तारेसारखं बारीक. जाडजूड दिसलं तर माल बनावट.

बसवायला उद्यमनगरात आमच्या ओळखीच्या मिस्त्रीमामांकडं गेलो. "मामा, गॅप बघूया की आधी," म्हटलं तर म्हणाले, "नव्या प्लगला काय बघायचं? पाकिटातनं काढायचा आन् बसवायचा." तरी मी मोजले. तीन बरोबर ०.८. चौथ्याचं खोकं वाटेत कुठंतरी आपटलेलं, त्याचा गॅप निम्म्यावर आलेला. मामा गप्प झाले, मग स्वतःच टॅपेटचा फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घेऊन आले. तो नको म्हटलं. इरिडियम कडक असतं पण ठिसूळ, पात्याची कड मधल्या टोकावर रेटली तर तुकडा उडतो. मी तारेचा गेज नेला होता. वाकवायची ती फक्त वरची पट्टी, मधल्या टोकाचा आधार घेऊन कधीच नाही. चारही ०.७ ला आणायला अर्धा तास गेला. चौथा परत मागवला नाही, टोक भिंगाखाली धड दिसलं म्हणून सरळ करून वापरला.

इंजिन पूर्ण गार करून, प्लगच्या खड्ड्यात हवा मारून मगच जुने काढले. नवे हातानं बसवून टॉर्क पान्यानं २५ न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस लावायचा मामांचा आग्रह मात्र मी मोडला. एनजीकेच्या प्लेटिंग केलेल्या आट्यांना ते लागत नाही, उलट पाना तेवढाच दाखवतो आणि प्रत्यक्षात प्लग जास्त आवळला जातो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर खर्च प्लगच्या कितीतरी पट.

याला आता अकरा महिने आणि चौदा हजार किलोमीटर झाले. आंबा घाट चार वेळा, गगनबावड्याहून करूळ घाट दोनदा, एकदाही झटका नाही. प्लगचा रंग फिकट तपकिरी, काजळी नाही. मायलेजमध्ये फरक सांगण्याइतका नाही, आणि पिकअप वाढलं असं कुणी म्हणालं तर त्याच्या आधीच्या प्लगचा गॅप विचारा. तक्रार एकच: डिसेंबरात पहाटे पहिलं मिनिटभर आयडलिंग किंचित हलतं. ०.७५ करून बघावं असं मनात येतं, पण घाट आठवला की राहू दे म्हणतो.

परवा काढून मोजले. ०.७५ ची तार अडखळत का होईना, आत गेली, म्हणजे झीज सुरू आहे. पंचवीस हजार किलोमीटरला बदलणार, हेच, एवढ्याच गॅपवर. नवा संच आणूनही ठेवलाय. मोजायचा तेवढा राहिलाय, कारण गेज दोन महिन्यांपासून मामांकडं आहे.