जेट लॅग : मेलाटोनिनची गोळी की दुपारचं ऊन?

मुलांकडे चार-सहा महिने राहून न्यू जर्सीहून पुण्याला परतणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींना जेट लॅगवर, म्हणजे लांबच्या विमानप्रवासानंतर झोपेचं घड्याळ बिघडतं त्यावर, दोन उपाय हमखास सांगितले जातात. एक मेलाटोनिनची, म्हणजे रात्री शरीरात तयार होणाऱ्या झोपेच्या संप्रेरकाची गोळी, दुसरं ऊन. दोन्ही मी करून पाहिले आहेत. पाणी भरपूर प्या, विमानात कॉफी कमी घ्या, हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो.

गोळी काम करते, यात वाद नाही. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२ सालच्या आढाव्यातही पाच किंवा जास्त टाइमझोन ओलांडणाऱ्यांना, विशेषतः पूर्वेकडे जाणाऱ्यांना, तिचा चांगला उपयोग होतो असाच निष्कर्ष आहे. अर्धा मिलिग्रॅम आणि पाच मिलिग्रॅम यांत जेट लॅगपुरता फारसा फरक दिसला नाही. पाचने झोप जरा लवकर लागते, एवढंच. तिकडे दहा मिलिग्रॅमची बाटली सहज मिळते आणि मुलं काळजीपोटी तीच बॅगेत टाकतात, पण तेवढ्याची गरज नसते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल किंवा फिट्सचा त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

माझं गाडं अडलं ते रात्री अडीचला. दहाला गोळी घेतली की साडेदहापर्यंत डोळे मिटायचे, आणि अडीचला टक्क जाग. गोळी झोप आणते, पण रात्रभर टिकवत नाही, कारण मेलाटोनिन शरीरातून फार लवकर उतरतं. तेव्हा न्यू जर्सीत संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, म्हणजे अंगात भरपूर हुशारी आणि चहाची तल्लफ. मग अंधारात ओट्यापाशी जायचं, भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून सांडशी फडक्यावर ठेवायची, आलं किसण्याऐवजी हातानेच चुरायचं आणि कप घेऊन खिडकीशी बसायचं. सोसायटीचं फाटक साडेपाचला उघडणार. वाचन होत नाही, कारण डोळे चुरचुरतात. फोन लावावा तर तिकडे नातवंडांची शाळेतून आल्यानंतरची गडबड. सहाला पापण्या जड होतात, की झोपलो ते थेट अकरा. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. दिवसभराची सुस्ती मी सहन करू शकतो, हे अडीच ते साडेपाच मला सहन होत नाही.

उन्हाने तिथे फरक पडला, पण त्याची वेळ जपावी लागते. सगळे सकाळचं कोवळं ऊन घ्या म्हणतात. न्यू जर्सीहून आल्यावर पहिले दोन-तीन दिवस तेच उलट पडू शकतं. आपल्या आतल्या घड्याळाची सर्वांत खोल रात्र उठण्याच्या दोन-तीन तास आधी असते, साधारण पहाटे चारला. तिकडचे चार म्हणजे उन्हाळ्यात इथले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. त्या क्षणाआधी डोळ्यांवर पडलेला उजेड झोपेची वेळ पुढे ढकलतो, नंतरचा उजेड ती अलीकडे आणतो. न्यू जर्सीहून आल्यावर ती अलीकडेच आणायची असते, म्हणून सकाळी पडदे ओढून घरात, बाहेर पडावंच लागलं तर गॉगल, आणि तीननंतर गच्चीवर. नंतर ही वेळ रोज तासभर अलीकडे आणायची.

उन्हात भाजून घ्यायचं नाही. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकतो, तोंड मोकळ्या आकाशाकडे. पावसाळी आभाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. साडेपाचला खाली उतरून बागेत दोन फेऱ्या, आठला जेवण. जाग लगेच थांबली नाही. अडीचची ती तीन तासांची पोकळी आधी दीड तासावर आली, मग चहा न करताच पुन्हा डोळा लागू लागला. माझ्यापुरतं तरी हे गोळीने कधी झालं नव्हतं.

अर्थात, रविवारी उतरून सोमवारी हिंजवडीतल्या ऑफिसात हजर होणाऱ्याला दुपारी तीनला गच्ची कुठून मिळणार? त्याने रात्री अर्धा ते तीन मिलिग्रॅमची गोळी घ्यावी आणि दुपारचा चहा तरी काचेआड न पिता बाहेर उभं राहून प्यावा. दोन्ही एकत्र करायलाही हरकत नाही, आमच्याकडे ही तेच करते. पण ज्याच्या हातात वेळ आहे, त्याने आधी उजेडाची वेळ सांभाळून पाहावी आणि गोळी हाताशी ठेवावी, असं मला वाटतं.

कॅलिफोर्नियाहून येणार असाल तर वेळा बदलतात. तिकडचे पहाटेचे चार म्हणजे उन्हाळ्यात इथले दुपारचे साडेचार. झोपेची वेळ पुढे ढकलत नेणं तिथे जास्त सोपं जातं, म्हणून साडेचारच्या आतच भरपूर उजेड घ्या आणि संध्याकाळचं फिरणं पहिले काही दिवस टाळा.